एलपीडीडीआरवरच्या त्या मेसेजमधलं खरं-खोटं

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘लॅपटॉपात एलपीडीडीआर रॅम असेल तर घेऊ नका. एलपी म्हणजे लो पॉवर, म्हणजे स्लो. ती मोबाईलची हलकी रॅम, सर्व्हरला कुणी वापरत नाही. बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही.’ यातलं शेवटचं बऱ्याच अंशी खरं आहे. बाकीचं बहुतेक नाही, आणि त्यापायी लोक चांगली मशीन सोडून दुकानातला जुना स्टॉक उचलतायत.

आधी वेगाचं बघू. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानात खानापूरचे एक काका विचारत होते, “स्लो हाय म्हणतात की वो, घेऊ काय नको?” समोरच्या लॅपटॉपावर लिहिलं होतं एलपीडीडीआर५एक्स, ८५३३. म्हणजे डेटाच्या प्रत्येक तारेवरून सेकंदाला ८५३ कोटी बिट. अशा १२८ तारा असल्या की सेकंदाला सुमारे १३६ जीबी. नेहमीच्या, काढता-घालता येणाऱ्या डीडीआर५-५६०० रॅमच्या दोन पट्ट्या मिळून देतात ८९.६ जीबी. ‘स्लो’ म्हणून हिणवलेली रॅम इथे दीडपट पुढे आहे. स्वस्तातल्या काही मशीनमध्ये ६४च तारा असतात, तिथे हा आकडा निम्म्यावर येतो, तेवढं मात्र विचारून घ्या.

मग वीज वाचते कुठे? डीडीआर५ च्या डेटा तारा १.१ व्होल्टवर चालतात, एलपीडीडीआर५ च्या ०.५ व्होल्टवर. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) हिशेबाने लागते, त्यामुळे त्या तारांवरचा खर्च साधारण पाचव्या हिश्शावर येतो. इतक्या कमी व्होल्टेजवर सिग्नल टिकतो, कारण चिप प्रोसेसरला अगदी खेटून बसवलेली असते आणि मध्ये सॉकेट नसतो. सोल्डरिंगची तक्रार आणि हा वेग, दोन्हींचं मूळ एकच आहे.

पहिला बाइट हातात यायला एलपीडीडीआरला किंचित जास्त वेळ लागतो, काही गेममध्ये ते जाणवतं. आणि बॅटरी दुप्पट टिकेल असंही समजू नका, मोठा खर्च स्क्रीन आणि प्रोसेसरचा. खरा फायदा झाकण मिटून ठेवल्यावर होतो. तेव्हाही रॅमला आपला चार्ज पुन्हा पुन्हा भरत राहावा लागतो आणि हे काम एलपीडीडीआर फार कमी विजेत करते. पावसाळ्यात जांबोटीकडे लाइट गेली की वाचलेली ती थोडी बॅटरीही कामी येते.

‘मोबाईलची’ हे बरोबर, जन्म फोनसाठीच झाला. ‘हलकी’ हे चूक. अ‍ॅपलच्या एम१ चिपपासूनच्या सगळ्या मॅकबुकांत याच जातीची रॅम आहे.

सर्व्हरचं म्हणाल तर एनव्हिडियाच्या ग्रेस या सर्व्हर प्रोसेसरसोबत ४८० जीबीपर्यंत एलपीडीडीआर५एक्स येते, चूक दुरुस्त करणाऱ्या ईसीसीसकट. बहुतेक सर्व्हर अजून डीडीआर५ च्या पट्ट्यांवरच चालतात हे खरं, पण ते वेगासाठी नव्हे. तिथे टेराबाइटमध्ये रॅम लागते आणि बिघडलेली पट्टी बदलता यावी लागते.

आता सोल्डरिंग. इथे मेसेज बरोबर आहे: नंतर रॅम टाकता येत नाही, आणि चिप गेली तर बोर्डाचंच काम निघतं. यावरचा उपाय म्हणून मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये कॅम२ हे मानक काढलं. त्यातलं एलपीकॅम२ मॉड्यूल स्क्रूने बसतं आणि बदलता येतं. लेनोवोच्या २०२४ च्या थिंकपॅड पी१ लॅपटॉपात ते आलं, पण अजून मोजक्याच मॉडेलांत मिळतं. तोवर माझं स्पष्ट मत आहे: चार वर्षं वापरायचा असेल तर ८ जीबीवर थांबू नका, पहिल्याच दिवशी १६ घ्या.

दुकानात मशीन चालू करायला लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. ‘स्पीड’ समोर वेग दिसेल. ‘फॉर्म फॅक्टर’ समोर ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम सोल्डर केलेली, ‘एसओडीआयएमएम’ असेल तर पट्टी.