‘ओस्लोनं राज्य दिलं, पॅलेस्टिनींना ते चालवता आलं नाही’ हा दावा कुठे फसतो

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुराचा सारांश असा: 1993 साली ओस्लो करारानं पॅलेस्टिनींना राज्य मिळालं. सरकार त्यांचं, पोलीस त्यांचे, कर त्यांचा. 2005 साली गाझाही मोकळं करून दिलं. तरी त्यांना एक धड निवडणूक घेता आली नाही. शेवटच्या वाक्यात बरंच तथ्य आहे. आधीची वाक्यं मात्र करारांचे मसुदे उघडताच ढासळतात.

‘राज्य मिळालं’ इथपासूनच सुरुवात चुकते. 9 सप्टेंबर 1993 च्या पत्रांत पीएलओ (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना) या संघटनेचे प्रमुख अराफत यांनी इस्राएल या राज्याचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. उलट बाजूनं इस्राएलचे पंतप्रधान राबिन यांनी पीएलओला पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी संघटना मानलं, एवढंच. चार दिवसांनी वॉशिंग्टनला सह्या झालेल्या तत्त्वांच्या जाहीरनाम्यात, म्हणजे पहिल्या ओस्लो करारात, पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेखच नाही. त्यात आहे ते पाच वर्षांचं हंगामी स्वशासन. जेरुसलेम, निर्वासित, इस्राएली वसाहती आणि सीमा हे प्रश्न नंतरच्या वाटाघाटींवर ढकलले होते. मे 1994 पासून मोजलेली ती पाच वर्षं मे 1999 मध्ये संपली. हंगामी मांडणी मात्र तशीच राहिली, आणि आपण ज्याला ‘त्यांचं सरकार’ म्हणतो ते पॅलेस्टिनी प्राधिकरण याच मुदत संपलेल्या मांडणीवर चाललं आहे.

सप्टेंबर 1995 च्या दुसऱ्या ओस्लो करारातलं एक कलम या मजकुरात कधीच सापडत नाही: जे अधिकार स्पष्टपणे हस्तांतरित केले नाहीत, ते इस्राएलकडेच राहतील. म्हणजे उरलेसुरले सगळे अधिकार लष्करी प्रशासनाकडे. परराष्ट्र व्यवहारही प्राधिकरणाला दिलेला नाही. ठरावीक विषयांवरचे करार त्याच्या वतीनं पीएलओ करते. भारतानं 1988 च्या नोव्हेंबरात मान्यता दिली ती पीएलओनं अल्जिअर्सला घोषित केलेल्या राज्याला. तेव्हा प्राधिकरण जन्मलंही नव्हतं, त्यामुळे ती मान्यता या दाव्याच्या कामाची नाही.

आता ‘सरकार आणि पोलीस त्यांचे’. 1995 च्या करारानुसार वेस्ट बँकेचे तीन भाग आहेत. ‘ए’ म्हणजे मुख्यतः शहरं, सुमारे 18 टक्के जमीन. तिथे नागरी कारभार आणि पोलीस दोन्ही प्राधिकरणाचे. ‘बी’ सुमारे 22 टक्के, बहुतेक गावं. शाळा, दवाखाने प्राधिकरणाचे, पण सुरक्षेचा शेवटचा शब्द इस्राएलचा. उरलेला ‘सी’ सुमारे 60 टक्के. तिथे जमीन, बांधकाम आणि रस्ते यांचा निर्णय इस्राएली लष्कराच्या हाताखालचं नागरी प्रशासन घेतं. टक्क्यांपेक्षा नकाशा जास्त बोलका आहे. ‘सी’ सलग पसरलेला आहे, तर ‘ए’ आणि ‘बी’ त्यात दीडशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेले. एका शहरातली पोलीस गाडी दुसऱ्या शहरात जायची तर मधल्या ‘सी’मधून जाण्यासाठी आधी इस्राएलशी समन्वय साधणाऱ्या कार्यालयामार्फत संमती लागते. इस्राएली नागरिकाला अटक करण्याचा अधिकार पॅलेस्टिनी पोलिसांना कुठल्याच भागात नाही. फार तर इस्राएली पथक येईपर्यंत थांबवून ठेवता येतं. शिवाय 2002 च्या लष्करी मोहिमेपासून इस्राएली लष्कर ‘ए’मध्येही सर्रास शिरतं.

याचा रोजच्या कारभारावर परिणाम कसा होतो, हे प्राधिकरणाचं मुख्यालय असलेल्या रामल्लाच्या उत्तरेला उभारलेल्या रवाबी या नव्या शहरावरून कळतं. जागा ‘ए’मधली, पण तिकडे जाणारा रस्ता ‘सी’मधून. पाण्याच्या जोडणीला दोन्ही बाजूंच्या संयुक्त जलसमितीची एकमतानं मंजुरी हवी. घरं तयार होती, खरेदीदार थांबले होते, आणि पाणी यायला 2015 उजाडलं.

‘कर त्यांचा’ हे वाक्य सर्वांत फसवं आहे. एप्रिल 1994 च्या पॅरिस करारानं दोन्ही बाजूंना एकाच जकात व्यवस्थेत बांधलं. वेस्ट बँकेतल्या नाब्लुसच्या व्यापाऱ्याचा कंटेनर इस्राएलच्या अश्दोद बंदरात उतरला की जकात आणि मूल्यवर्धित कर इस्राएल वसूल करतं, 3 टक्के सेवाशुल्क कापतं आणि दर महिन्याच्या हिशेबानंतर रक्कम वळती करतं. या रकमेला तिकडे ‘मकास्सा’ म्हणतात. प्राधिकरणाच्या महसुलाचा ढोबळमानानं दोन तृतीयांश वाटा तिचाच. गळतीही इथेच. इस्राएली घाऊक व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाचा कर परत मिळवायचा तर खास बिलं हिशेबाच्या बैठकीत दाखवावी लागतात. बिल नाही तर पैसे नाहीत, आणि कर चुकवायला बिलं लपवणारे व्यापारी कमी नाहीत. इस्राएली आयातदारानं स्वतःच्या नावावर माल उतरवून तो वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनला विकला, तर जकात इस्राएलच्या तिजोरीतच राहते. स्वतःचं चलन नसल्यानं व्यवहार इस्राएली शेकेलमध्ये. व्याजदर आणि विनिमयदर प्राधिकरणाच्या हातात नाहीत. मूल्यवर्धित कराचा दरही इस्राएलच्या दरापेक्षा फार तर 2 टक्क्यांनी कमी ठेवता येतो.

वळती होणारी रक्कम अडवताही येते. 2006 च्या निवडणुकीत हमास ही इस्लामी संघटना जिंकल्यावर ती थांबवली गेली. 2018 च्या इस्राएली कायद्यानं इस्राएली तुरुंगातले कैदी आणि मारले गेलेल्यांच्या कुटुंबांना प्राधिकरण जेवढं देत असे तेवढी कपात सुरू झाली. 2019 मध्ये प्राधिकरणाचे अध्यक्ष अब्बास यांनी कपात करून आलेली रक्कम घ्यायलाच नकार दिला आणि काही महिने कर्मचाऱ्यांना अर्धामुर्धा पगार मिळाला. असे भत्ते द्यावेत का, यावर कडाडून वाद घालता येईल. पण ज्याचा दोन तृतीयांश महसूल दुसऱ्याच्या सहीवर अडतो, त्याला ‘कर त्यांचा’ म्हणणं धाडसाचं आहे.

गाझाबद्दल थोडक्यात. 2005 च्या सप्टेंबरात सैनिक आणि सर्व 21 वसाहती हलवल्या गेल्या, हे खरं. आकाश, समुद्र आणि लोकसंख्येची नोंदवही इस्राएलकडेच राहिली. 1998 साली सुरू झालेला गाझाचा विमानतळ 2001 पासूनच बंद होता.

राहिली निवडणूक. ‘एक धड निवडणूक घेता आली नाही’ हे पूर्ण खरं नाही. 1996 मध्ये विधिमंडळ आणि अध्यक्ष, 2005 मध्ये अध्यक्ष, 2006 मध्ये पुन्हा विधिमंडळ निवडलं गेलं. 2006 मध्ये 132 पैकी 74 जागा हमासला, 45 अब्बास यांच्या फतह पक्षाला. पक्षांच्या याद्यांना पडलेल्या मतांत अंतर जेमतेम 3 टक्क्यांचं. मोठा फरक मतदारसंघांत पडला, कारण फतहचेच बंडखोर एकमेकांची मतं खात होते. जून 2007 मध्ये हमासनं गाझा बळकावलं आणि विधिमंडळ ठप्प झालं. त्यानंतरचा दोष मात्र बाहेर ढकलता येत नाही. अब्बास यांची चार वर्षांची मुदत जानेवारी 2009 मध्ये संपली, तरी ते पदावर आहेत आणि हुकूमनाम्यांवर कारभार चालवतात. त्याआधीही मूलभूत कायदा, म्हणजे हंगामी राज्यघटना, विधिमंडळानं 1997 मध्ये मंजूर केला होता, पण अराफतांची सही व्हायला 2002 उजाडलं. मे 2021 ची निवडणूक पूर्व जेरुसलेममधल्या मतदानाला इस्राएलची संमती नाही म्हणून पुढे ढकलली गेली. अडचण खरी होती: 1995 च्या करारानुसार तिथलं मतदान टपाल कार्यालयांतून होतं, आणि ती इस्राएलची. पण त्याच वेळी फतहच्या तीन वेगवेगळ्या याद्या एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या, हेही रामल्लात सगळ्यांना ठाऊक होतं.