तीन जिल्हे, दोन हजार वर्षं, एक रविवार

विदर्भातली जुनी बौद्ध स्थळं पाहायची असतील तर मे महिन्यातच जा. हिवाळ्यात, हवा बरी असताना, अभ्यासक जातात. त्यांच्या नादी लागू नका. मेमध्ये चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर असतो, पोरांना सुट्ट्या असतात आणि लग्नाला आलेले पाहुणे घरीच पंख्याखाली पसरलेले असतात. त्यांना कुठंतरी नेणं भागच असतं. गाडी सात जणांची करा, अकरा बसवा. मनसर, पवनी, भद्रावती असा बेत ठोका. नागपूर, भंडारा, चंद्रपूर असे तीन जिल्हे होतात खरे, पण मोबाइलच्या नकाशावर ते वीतभरच दिसतात, आणि ड्रायव्हर "होते ना भाऊ आरामात" म्हणालेला असतो.

मनसरला पोचायच्या आधी तुमचं मत पक्कं हवं. रामटेकजवळच्या या टेकड्यांवर १९९७-९८पासून मोठं उत्खनन झालं. काही जण म्हणतात, हे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरेश्वराचं देवस्थान. काही म्हणतात, हा बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाशी नातं सांगणारा महाविहार, म्हणजे भिक्षूंचा मोठा मठ. आता मुद्रा काय सापडल्या, कोणता थर कोणत्या काळाचा, हे बघत बसलात तर दुपार व्हायची. सोपी पद्धत अशी की आपलं आडनाव आठवायचं. उत्तर त्यातच असतं, विटांकडे पाहावं लागत नाही. खालच्या टपरीवरचे आजोबा तिसरंच सांगतील, "थे तं हिडिंबेची टेकडी होय बाप्पा, भीम राहे तिथं." त्यांचंही ऐकून घ्या. अज्ञातवासात पांडवांनी विदर्भभर एवढं बांधकाम काढलं की ते अज्ञात राहिले कसे, हेच नवल. पण आजोबांच्या इतिहासात निदान भांडण नाही.

जेवण सोबत न्यायचं नाही, तिथंच करायचं. रोडगे आणि वांग्याची भाजी. कणीक आणि गोवऱ्या घरून घ्या, विटा मात्र नेऊ नका. जिथं जाल तिथं पायाशी पडलेल्या असतातच. आजकालच्या विटेसारखी ही हातात मावत नाही. लांबरुंद, चपटी, जड. उलटवली तर कधी खालच्या अंगाला भुशाचे ठसेही दिसतात. अशा तीन उभ्या केल्या की भाजीचा गंज, म्हणजे पातेलं, काय बसतो! इतकी शतकं पाऊस खाल्लेली वीट, तिला तुमच्या भाजीचा जाळ तो काय? खाऊन झालं की पत्रावळी तिथंच ठेवा. पुढं कुणी खोदलंच तर आपल्या काळाचा थर नको का लागायला? पुरातत्त्व खात्याचा निळा फलक दिसेल, त्यावर कैद आणि दंडाची भाषा असेल. घाबरायचं काम नाही. फलकाची सावली मोठी पडते, पाण्याची कॅन तिथं ठेवा.

पवनीला गेल्यावर हिरमोड होईल, तयारी ठेवा. वैनगंगेकाठच्या या गावी १९६९-७०मध्ये शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांनी जगन्नाथ टेकडीवर स्तूप उकरून काढला. व्यास ३८ मीटरच्या वर, म्हणजे सांचीच्या मोठ्या स्तूपाला मागं टाकणारा. हे ऐकून पाहुणे धावत वर जातील आणि विचारतील, "तोरण कुठाय?" तोरण नाही. कोरलेले खांब निघाले, त्यातल्या एकावर बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नागराज आहे, नावासकट. पण तो शिल्पकार त्या जुन्या पद्धतीचा, बुद्धाला माणसाच्या रूपात न दाखवणारा. माणूसच नाही तर लाइक कोण देणार? तेव्हा तुम्हीच एखाद्या दगडावर मांडी घाला, डोळे मिटा, अंगठा आणि तर्जनी जुळवा. "जरा मान तिरपी कर ना," असं फोटो काढणारा म्हणेपर्यंत तुम्हाला शांती लाभलेली असेल.

इथल्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं आहेत. कुणी उपासक, कुणी प्रव्रज्या घेतलेलं, म्हणजे घर सोडून संघात गेलेलं. दगडाचं दान दिलं आणि त्यावर नाव कोरून घेतलं. ही परंपरा आपण चालवलीच पाहिजे. फक्त दानाची भानगड मध्ये आणू नका. गाडीची किल्ली काढा, बाण ओढलेला बदाम काढा, दोन्हीकडं नावं टाका. लिपीतज्ज्ञांना पुढं पोटापाण्याला काहीतरी लागेलच.

भद्रावतीला पोचेपर्यंत दिवस कलतो, पोरं रडकुंडीला येतात आणि कुणीतरी ओकतं. विजासनची लेणी टेकडीच्या पोटात आहेत. समोरची बोळ सरळ आत जाते आणि टोकाला अंधारात बसलेले बुद्ध. १८७०च्या दशकात इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम इथं आले होते. त्या बिचाऱ्याजवळ मोबाइल नव्हता, म्हणून त्याला नीट पाहावं लागलं आणि वर लिहूनही काढावं लागलं. तुम्ही टॉर्च लावा, मूर्तीच्या डोळ्यांवर मारा आणि जोरात "ओऽऽ" करा. आवाज घुमतो. एखादा उपासक कोपऱ्यात वंदना म्हणत बसला असेल तर त्यालाच "भाऊ, जरा बाजूला होता का, फॅमिली फोटो आहे," म्हणा. तो उठतो. अशी माणसं बहुधा उठतातच.

परतताना सावजी मटण. नागभीडजवळच्या देवटेकला एक शिळा सापडली होती, जीव पकडू नका, मारू नका अशी आज्ञा असलेली. अशोकाच्या काळची मानतात. पुढं त्याच शिळेवर वाकाटक राजा पहिल्या रुद्रसेनानं आपला लेख कोरून घेतला. म्हणजे दुसऱ्याच्या दगडावर आपलं नाव टाकणं हे काही किल्लीवाल्या पोरांनी काढलेलं नाही, त्याला राजमान्यता आहे. शिळा आता नागपूरच्या अजबबंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात आहे. तिथं ढाबा नाही, त्यामुळं ती पाहायची राहून गेली तरी चालेल. रस्सा मात्र तर्रीदार मागा.

पश्चिम विदर्भातल्या मंडळींनी रुसू नये. बुलढाणा जिल्ह्यात, पूर्णेकाठी भोनला, डेक्कन कॉलेजच्या लोकांनी इसवीसनापूर्वीचा विटांचा स्तूप शोधून काढलाय. ती जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. पण उगाच लगबग करू नका. पाणी चढू द्या, काठाला रिसॉर्ट होऊ द्या, मग बोटिंगला जा. "खाली स्तूप आहे," असं नावाडी सांगेल, त्याचे वेगळे पैसे आधीच ठरवून घ्या.