निवड निसर्गाची की सोयरिकींची?

डिसेंबरात कोथरूडला चुलतबहिणीच्या लग्नात पंगत उठल्यावर काका म्हणाले, "आपल्या लोकांची बुद्धी निसर्गानंच निवडून काढलीय. आता तर डीएनएत दिसतं. विचारा हिला." मी बर्लिनमध्ये डीएनएत अशी निवड शोधायच्या गणितावरच काम करते. मांडवात उत्तर अर्धवट राहिलं, ते इथे पुरं करते.

निवड म्हणजे फायद्याचा जनुकीय बदल पिढ्यानपिढ्या पसरत जाणं. ती शोधायची एक कसोटी फुमियो ताजिमा यांनी १९८९ मध्ये मांडली. वेगवेगळ्या माणसांकडून डीएनएच्या एकाच तुकड्याच्या प्रती घ्यायच्या, त्यात एकूण किती जागी फरक आहेत ते मोजायचं आणि कोणत्याही दोन प्रतींमध्ये सरासरी किती फरक पडतात तेही. लोकसंख्या स्थिर असेल, निवड नसेल, तर दोन्हींवरून निघणारे अंदाज जुळतात. जुळले नाहीत तर निवडीचा संशय घ्यायचा. नुसता संशय! मोजक्या घरांपासून सुरू झालेल्या, आपसातच सोयरीक करणाऱ्या पोटजातीत दुर्मिळ फरक गळून जातात, आणि निवड नसतानाही तफावत दिसते.

सोयरिकीची छाप सगळ्या जीनोमवर, म्हणजे संपूर्ण डीएनएवर पडते, निवडीची ठरावीक जागी. म्हणून एकटं जनुक पाहून भागत नाही. मोठेपणीही दूध पचू देणारा बदल घ्या. त्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा उरलेल्या जीनोमच्या मानाने फार लांबवर एकसारखा राहिलाय, म्हणजे तो बदल झपाट्याने पसरला. तिथे निवड झाली, हे मी ठामपणे सांगते. बुद्धीवर हजारो जनुकीय फरकांचा इवला इवला परिणाम होतो, शिवाय घर आणि शाळा आहेतच. कुठल्याही जातीच्या बुद्धीसाठी दुधासारखा पुरावा नाही, काका.

इकडचे संशोधकही चुकतात. 'भारतीय' अशी एकच चिठ्ठी लावून वेगवेगळ्या गटांचे नमुने एकत्र करतात आणि त्या मिसळीनेच आकडा फसतो. दर वेळी मला पोटजात म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं. पुण्यात ते शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, आणि ही जाण आपण अभिमानासाठी वापरतो, हिशेबासाठी नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथे बर्लिनच्या डालेम भागात एक जुनी इमारत आहे. १९२०च्या दशकाअखेरीस तिथल्या मानववंशशास्त्र संस्थेत इरावती कर्वे कवट्या मोजत होत्या. युरोपीय कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंमधली असमानता इतरांहून वेगळी निघेल अशी त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती. बाईंच्या मोजमापात ती निघाली नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. पुढे पुण्यात येऊन डेक्कन कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं.

मे महिन्यात काका इकडे येतायत. पहिल्याच दिवशी त्यांना ती इमारत दाखवणार आहे.