कोकमाच्या भावकीतली गोळी आणि महिन्याला ५ किलो

दादर-माहीमकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. गार्सिनिया, म्हणजे आपल्या कोकमाच्या भावकीतलं फळ. त्याची ग्रीन टी अर्क घातलेली कॅप्सूल घ्या, चरबी तयारच होणार नाही, महिन्यात ५ किलो उतरतील, हजारोंना गुण आलाय, आणि वनस्पतीच ती, साइड इफेक्ट शून्य. खाली ‘एफएसएसएआय मान्य’, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा शिक्का.

‘चरबी तयारच होत नाही.’ हे अगदीच हवेतलं नाही. या फळाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं, आमसुलातही असतं. जादा साखरेची चरबी करणाऱ्या एका एन्झाइमला ते अडवतं. उंदरांत परिणाम दिसलाही. पण माणूस वडापाव खातो तेव्हा वड्यातलं तेल थेट साठतं, त्याला त्या एन्झाइमची गरजच पडत नाही. साखरेपासून नव्याने चरबी बनण्याचं प्रमाण आपल्यात एरवीही थोडंच. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात याची चाचणी छापून आली. १३५ लठ्ठ माणसं, १२ आठवडे, सगळ्यांना कमी उष्मांकाचा आहार. काहींना रोज १,५०० मिलिग्रॅम हे आम्ल, बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. आम्लवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोंनी घटलं, दिखाऊवाल्यांचं ४.१ किलोंनी!

शेजारच्या काकूंनी आणलेली बाटली मी उलटी करून वाचली. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, त्यात ६० टक्के आम्ल, दिवसाला दोन. म्हणजे ६०० मिलिग्रॅम. जिथे १,५०० ने काही साधलं नाही, तिथे हे.

‘हजारोंना गुण आला.’ आला असेलही. दिखाऊ गोळीवाल्यांनाही ४.१ किलोंचा गुण आलाच होता, तो आहाराचा. महागडी बाटली घेतलेला माणूस फरसाण बंद करतो, शिवाजी पार्कला चार फेऱ्या मारतो, आणि श्रेय जातं गोळीला.

‘महिन्यात ५ किलो.’ एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी. पाच किलोंसाठी रोज जवळपास १,३०० ची तूट हवी. म्हणजे अनेकांचं निम्म्याहून अधिक जेवण.

ग्रीन टीचं म्हणाल, तर वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात जपानबाहेरच्या चाचण्यांतला सरासरी फरक होता ०.०४ किलो. चाळीस ग्रॅम.

‘वनस्पती, म्हणून निर्धोक.’ हा दावा मात्र हसण्यावारी सोडून देण्यासारखा नाही. वजन घटवायला विकली जाणारी एफेड्रा वनस्पतीच होती. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे अमेरिकेने २००४ मध्ये तिच्या पूरकांवर बंदी घातली. ग्रीन टीचा कप निराळा नि अर्क निराळा: अर्कातलं ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीमधलं मुख्य द्रव्य, दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृतावर ताण दिसतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं. गार्सिनिया घेणाऱ्यांतही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लघवी गडद, डोळे पिवळे दिसले तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिवाय ‘हर्बल’ पाकिटांत चोरून सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळल्याचं वारंवार सापडलंय. त्या औषधावर भारतात २०११ पासून बंदी आहे.

राहता राहिला तो शिक्का. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हा खाद्यव्यवसायाचा परवाना. गोळीने चरबी उतरते याचा दाखला नव्हे. काकूंच्या बाटलीवर त्याच क्रमांकाखाली ‘औषधी वापरासाठी नाही’ असं कंपनीनेच छापलंय. मेसेजमधल्या फोटोत तेवढी ओळ कापलेली आहे.