मुक्तीच्या आधीची गिटार

आमच्या फोंड्याकडे जुन्या वस्तूंना दोनच वयं असतात: १९६१ च्या गोवामुक्तीच्या आधीची, नाहीतर नंतरची. मामांची इलेक्ट्रिक गिटार आधीची. कुणा तारवट्याने बोटीवरून आणलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर. "पोर्तुगीज असताना वाजवायचो मी," असं मामा म्हणाले की मामी आत निघून जाते.

स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली निघाली, तेव्हा गोष्ट अशक्य नव्हती. मी पुरावा शोधायला बसलो.

मागच्या लोखंडी पट्टीवर नंबर असतो. म्हणजे असायचा. गोव्याच्या पावसाने दाराच्या कड्या सोडल्या नाहीत, तिथे हा कोण? पुढच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याला अकरा स्क्रू. रात्रभर खोबरेल तेलात भिजवले. आठ निघाले, तिघांची डोकी उडाली. आत आवाज कमी-जास्त करायचे पॉट. त्यांच्या पाठीवर कोरलेलं: ३०४ ६६१३. म्हणजे स्टॅकपोल कंपनी, १९६६ साल, तेरावा आठवडा. पोर्तुगीज जाऊन सव्वाचार वर्षं झालेली!

"मग ते मागाहून बसवले असतील," मामा म्हणाले. त्यांचा हा मुद्दा खोडता येत नाही, हेच मोठं दुखणं. त्यात आपण पावसाळ्यापूर्वी पुरुमेंत भरतो तसा फेंडरने १९६६ मध्ये पॉटांचा साठा भरला आणि पुढे काही वर्षं तोच पुरवला. नेमकं साल हाताला लागेना.

उरली एकच जागा: दांड्याचं बुड. कारखान्यात तिथे तारीख घालत. १९६२ च्या सुरुवातीपर्यंत पेन्सिलीने, पुढे शिक्क्याने. पेन्सिल दिसली तर मामा जिंकले. चार स्क्रू काढले, दांडा हलवून हलवून उपसला (माझी पाठ धरली ती अजून सुटलेली नाही), बॅटरी मारली. पेन्सिल! हात थरथरायला लागले. चष्मा पुसला. वाचलं:

"खालची बाजू".

चक्क देवनागरीत.

"अरे, ते आपल्या सुताराचं अक्षर," मामा कौतुकाने म्हणाले. "देवळाची पालखी केली ना, तोच. मूळ दांडा पावसात पिळला, मग त्याने हा नवा करून दिला. फणसाचा आहे. काही होणार नाही त्याला."

"हे कधीचं?"

मामांनी दाराकडे पाहिलं. तिथे मामी उभी होती.

"ते मात्र मुक्तीनंतरचं."