आळीपाळीचे वेळापत्रक आखताना
महामारीत शाळा अंशतः बंद ठेवाव्या लागल्यास निम्म्या मुलांना एक दिवसाआड बोलवावे, ही एका लेखात वाचलेली सूचना मला पटते. मात्र कोल्हापूर जिल्ह्यातील गगनबावडा, शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यांतील ज्या वाड्यांवर मोबाइलला रेंजच मिळत नाही, तिथे घरी राहणाऱ्या मुलांचा अभ्यास छापील कागदावरच द्यावा लागेल. राज्यात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीच्या वर्गांना आधी परवानगी मिळाली आणि शिक्षकासमोर बसूनच अक्षरे गिरवणारी पहिली-दुसरीची मुले मागे राहिली, याची मला आजही खंत वाटते. भावंडांचे शाळेचे दिवस एकच ठेवावेत, म्हणजे धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरलीची शाळा बुडणार नाही. पोषण आहाराचा शिधा कधी आणि कोणाच्या हाती द्यायचा, हेही जूनमध्येच पालकांना लेखी कळवावे.