खुलासा: डिप्लॉय, रिलीज, लाँच एकच नव्हेत

नवं सॉफ्टवेअर आणताना डिप्लॉय, रिलीज, लाँच यांपैकी काहीही लिहिलं तरी चालतं, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. डिप्लॉय म्हणजे कोड सर्व्हरवर चढला. फीचर फ्लॅग (नवी सोय चालू-बंद करणारं कोडमधलं बटण) बंद असेल तर वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. दिसू लागलं की रिलीज. आधी ५ टक्के लोकांना, मग २५, मग सगळ्यांना, तर रोल आउट. लाँचमध्ये गाजावाजा आला. शिवाय लाँचचा अर्थ ‘उघडणं’ असाही होतो, त्यामुळे सूचनांमध्ये ‘लाँच द ॲप’ लिहिलंत तर लोक सरळ ॲप उघडतील.

सगळ्यात जास्त घोळ ‘गो लाइव्ह’चा, म्हणजे प्रत्यक्ष वापरात येण्याचा. हे इंग्रजी क्रियापद कर्म घेत नाही. ‘वुई विल गो लाइव्ह द सिस्टिम’ साफ चूक. ‘द सिस्टिम गोज लाइव्ह ऑन मंडे’ बरोबर. कर्म हवंच असेल तर ‘टेक द सिस्टिम लाइव्ह’ लिहा.